पोटदुखीच्या आठशे एकाहत्तर नोंदी

सिक रूममध्ये कुणी पहिल्यांदा आलं, की मावशी त्याला काय होतंय ते विचारत नसत. आधी हातात कापूस देत.

"हे घे, एवढे बोळे करून दे मला. गोटीएवढे कर, चेंडूएवढे नकोत."

मूल खाली मान घालून बोळे करायला लागायचं. पाच-दहा बोळे झाले की बोलायला लागायचं, किंवा नाही लागायचं. मावशींना दोन्ही चालायचं. एक तास झाला की त्या म्हणायच्या, "चल, पुरे झाले. आता जातोस की अजून थोडे करतोस?" बहुतेक मुलं जायची. काही अजून थोडे करायची.

ही खोली आमच्या शाळेच्या जिन्याखाली आहे. छत एका बाजूला तिरकं उतरलंय, त्यामुळे उंच माणसाला तिकडच्या खाटेशी वाकूनच जावं लागतं. दोन खाटा, एक वजनकाटा, बेसिन, आणि कागदाची घडी घातल्याशिवाय दार न लागणारं पांढरं कपाट. खिडकी एकच, दुसऱ्या खाटेला लागून. तिच्यातून सायकल स्टँड दिसतो. वरून मुलं जिना चढली-उतरली की छत ढोलासारखं वाजतं आणि मावशी बोलता बोलता तेवढं थांबतात, पुन्हा तिथूनच सुरू करतात.

मावशी बावीस वर्षांपूर्वी इथे झाडलोट करायला लागल्या. नवरा लवकर गेला. मुलगी एकच, ती लग्न होऊन लांब राहते. मध्ये कधीतरी शाळेने त्यांना प्रथमोपचाराच्या पंधरा दिवसांच्या वर्गाला पाठवलं आणि ही खोली त्यांच्या हवाली केली. त्या दिवसापासून शिपाईमामांनी त्यांचं नाव 'डॉक्टरीणबाई' करून टाकलं.

"काय डॉक्टरीणबाई, आज किती ऑपरेशनं?"

"एकच राहिलंय मामा. तुमच्या जिभेचं. भूल न देता करायचंय."

मी या शाळेत कॉम्प्युटरची कामं बघते. हजेरीची यंत्रणा, निकालपत्रं, पालकांना जाणारे मेसेज, आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढणं. डिप्लोमा करून आले तेव्हा मला वाटलं होतं, शाळेत सगळं कसं एकोणिसाव्या शतकातलं चाललंय, मी येऊन दुरुस्त करीन. माझी खोली सिक रूमच्या भिंतीला भिंत लागून आहे. दुपारचा डबा मी मावशींच्या खोलीत खाते. त्या मला 'मशीन' म्हणतात. "ये गं मशीन, जेवून घे. तुझंपण चार्जिंग संपलं असेल."

आठवी 'ब'मधली एक मुलगी त्या खोलीत फार यायची. तिला मावशी खिडकीवाली म्हणायच्या, कारण ती आली की सरळ खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसायची. पहिल्या खाटेवर कुणी नसलं तरी. तेरा वर्षांची, सडपातळ, दप्तर पोटाशी धरून चालणारी. मी डबा उघडून बसलेली असले तर ती मला बघून हसायची, पण ते हसणं ओठांपाशीच संपायचं. तिचं काय झालं होतं ते मावशींनी मला खूप नंतर सांगितलं. पण ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

सहामाहीच्या गणिताच्या पेपराचा फोटो आदल्या दिवशीच अर्ध्या वर्गाच्या फोनवर फिरला होता. मार्क बघून गणिताच्या सरांना संशय आला. त्यांनी या मुलीला एकटीला बोलावून विचारलं, कारण ती खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. ती नाहीच बोलली. पेपर रद्द झाला, पुन्हा झाला, आणि कुणी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही, दप्तर लपवलं नाही. वर्गाने ठरवलं, तिच्याशी बोलायचं नाही. बेचाळीस जणांनी. फोनवर त्यांचा एक गट होता. तिच्याशी जो बोलेल तो गटातून बाहेर, आणि मग त्याच्याशीही कुणी बोलणार नाही. तिची बाकावरची मैत्रीण पहिले दोन दिवस चिठ्ठ्या लिहायची. तिसऱ्या दिवशी तीही सरकून मधल्या बाकावर गेली.

"मावशी," असं ती बोळे करता करता म्हणाली होती, "मी दिवसभरात एकच शब्द बोलते. 'हजर'. तो पण पहिल्या तासाला. मग दिवस संपतो."

मावशी म्हणाल्या, "मी सांगू का तुझ्या बाईंना? नाव घेणार नाही कुणाचं."

त्यावर ती खाटेवरून उठलीच. "नको. एकदा सांगितलं म्हणूनच झालंय ना हे? मावशी, शपथ आहे तुम्हाला. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

"बरं, नाही सांगत. बस खाली."

"घरी पण नाही."

"घरी पण नाही. इथलं इथेच."

मग मावशींनी वही ओढली. त्या वहीत रकाने आहेत: तारीख, नाव, इयत्ता, वेळ, तक्रार, उपाय. तक्रारीच्या रकान्यात मावशींनी लिहिलं, पोटदुखी. उपायाच्या रकान्यात, विश्रांती. मग तिला वर्गात जाण्याची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवरही तेच. पुढचे चार महिने ती आठवड्यातून एक-दोनदा यायची आणि वहीत दर वेळी तिचं पोट दुखायचं.

त्या वर्षी शाळेने मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करायचं मनावर घेतलं होतं. एक समुपदेशक बाई दर मंगळवारी यायच्या. चार शाळांना त्या एकट्या. त्यांना बसायला खेळाच्या सामानाची खोली दिली होती. दारात उभं राहिलं की समोरच्या सगळ्या वर्गांना दिसेल अशी. त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. बाई शांतपणे चेंडूंच्या जाळीखाली बसून वाट बघायच्या. तरी त्यांनी मुख्याध्यापकांकडे हट्ट धरला, या शाळेला रोज कुणीतरी हवं, आठवड्यातून एकदा येऊन काही होत नाही.

मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, आणि ते खरोखर शाळेच्या नळापासून कौलापर्यंत सगळ्याची काळजी करतात. ते म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण वर संस्थेला पटवायला हातात काहीतरी हवं. किती मुलांना त्रास आहे, आकडे द्या." मग त्यांनी मला बोलावलं. "सिक रूमच्या वह्या आहेत ना? तीन वर्षांच्या कॉम्प्युटरवर चढव. कोणत्या तक्रारी किती, एक आलेख काढ."

मला तर हवंच होतं असं काम. वह्यांचा गठ्ठा उचलून आणला, नऊ दिवस टाइप करत बसले. मावशींनी विचारलं, "काय गं, कशाला नेल्यास?" मी म्हटलं, "तुमच्या कामाचा गौरव होणार आहे." त्या हसल्या. "हो का? हार मोठा आणायला सांग, मान जाड आहे माझी."

एकूण नोंदी अकराशे चाळीस. खरचटणं, पडणं, ताप, नाकातून रक्त वगैरे मिळून दोनशे एकोणसत्तर. बाकी आठशे एकाहत्तर पोटदुखी. भीती, रडू, झोप न येणं, घाबरं होणं यांसाठी मी वेगळे रकाने करून ठेवले होते. ते सगळे शून्य.

आलेखात एकच खांब होता. उंच, पानाच्या वरच्या कडेला टेकलेला. मी तो निळ्या रंगात काढला होता. मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट शोधून काढली आपण.

बैठकीत मोठ्या सरांनी तो कागद बराच वेळ बघितला. समुपदेशक बाई म्हणाल्या, "सर, या वयात पोटदुखी पुष्कळदा मनातून येते." सर म्हणाले, "बाई, येत असेल. पण आठशे एकाहत्तर वेळा? आधी मी पाणी तपासतो." यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मीही त्या खोलीत मान डोलावत बसले होते.

पुढच्या पंधरा दिवसांत गच्चीवरच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासल्या. पाण्याचे नमुने तपासायला गेले. कँटीनमधलं तळलेलं सगळं बंद झालं आणि कँटीनवाला काका मला बघून दुसरीकडे तोंड फिरवायला लागला. रोजच्या समुपदेशकाचा विषय पुढच्या वर्षावर गेला. आणि सर मला म्हणाले, "ज्या मुलांच्या दहापेक्षा जास्त नोंदी आहेत त्यांच्या घरी पत्र जाऊ दे. डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणावं."

यादी काढायला मला एक मिनिट लागलं. सव्वीस नावं. पहिलं नाव खिडकीवालीचं. एकतीस नोंदी.

पत्रं गेली त्या दुपारी मी आलेख मावशींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला.

"हा खांब कशाचा?"

"पोटदुखीचा. बघा ना, बाकी सगळं केवढंसं आहे."

जिन्यावरून एक वर्ग खाली उतरला, छत वाजलं, थांबलं, तरी त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनी कागद खाटेवर ठेवला आणि उठून दार लोटून घेतलं.

"हे सगळं मी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो, तुमचंच तर अक्षर आहे."

"तसं नाही गं मशीन. यातल्या शंभर-दीडशेंचं दुखत असेल पोट. बाकीच्यांचं नव्हतं दुखत."

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा शाळा सुटली तरी जायला तयार होईना. मावशींनी वहीत खरं ते लिहिलं: घरी वडील मारतात, घरी जायला घाबरतो. तेव्हाच्या पर्यवेक्षिका बाईंनी वही चाळली, वडिलांना बोलावलं आणि ती ओळ त्यांच्यासमोर बोट ठेवून वाचून दाखवली. बाईंना वाटलं, माणूस वरमेल. तो हसला. म्हणाला, "पोरगं एक नंबर थापाडं आहे." आठ दिवसांनी मुलगा शाळेत आला तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये. मावशींनी विचारलं तर म्हणाला, सायकलवरून पडलो. त्याच्याकडे सायकल नव्हती. पुन्हा तो या खोलीत कधी आला नाही.

"तेव्हापासून," मावशी म्हणाल्या, "माझ्या खोलीत सगळ्यांचं पोटच दुखतं. पोट दुखतंय म्हटलं की कुणी काही विचारत नाही. बाईही नाहीत, घरचेही नाहीत. वहीत काय, पोरांना पडून राहायला कारण मिळाल्याशी मतलब."

मी म्हटलं, "मग आपण सरांना सांगू या. आत्ताच."

"काय सांगू? बारा वर्षं खोटं लिहिलं? बरं, तेही सांगते, नोकरी जाईल तर जाऊ दे. पण सर पुढे विचारतील ना, मग खरं काय होतं. एकेका पोराचं नाव घेऊन विचारतील. त्या सगळ्यांना मी शब्द दिलाय."

मी खाटेवरचा आलेख उलटा करून ठेवला. शेवटी त्याच म्हणाल्या, "पत्रं गेलीत ना? जाऊ देत. डॉक्टर तपासतील, काही निघणार नाही. आठ दिवसांत सगळे विसरतील." मला ते पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचं होतं, कारण यादी मी काढली होती.

डॉक्टरांना काही निघालं नाही, हे खरं. खिडकीवालीच्या वडिलांनी तिला दोन डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी. सगळं स्वच्छ. दुसरे डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, वर्ग चुकवायचा असेल. वडील एका छापखान्यात दिवसभर उभं राहून काम करतात, तीन दिवसांची रजा त्यांना जड गेली होती. त्यांनी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी पाठवली: हिला काही झालेलं नाही. कृपया यापुढे सिक रूममध्ये झोपू देऊ नये. वर्गशिक्षिकेने ती चिठ्ठी खाली मावशींकडे पाठवली. तिच्याखाली सरांची सही.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीनंतर ती आली. मी भिंतीपलीकडे होते, दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी."

"अगं बाई माझी. थांब जरा तिथेच. तुला... तुला नाही येता यायचं आता. वडिलांची चिठ्ठी आहे."

"मी झोपणार नाही. बसते फक्त."

"सरांची सही आहे गं त्याच्यावर."

मग ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला तिचे पाय जिना चढताना ऐकू आले. एकटीचे होते म्हणून छत वाजलं नाही.

मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज तिचं तोंड बघितलंस?" मी म्हटलं, नाही. "बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी वडिलांच्या फोनवर मेसेज गेला: आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे. हे मेसेज माझी यंत्रणा आपोआप पाठवते. वर्गशिक्षिका हजेरी घेतात, टॅबवर खूण करतात, साडेआठला मेसेज सुटतात. वडिलांनी तिला सकाळी स्वतः फाटकाशी सोडलं होतं. ते छापखान्यातून तसेच शाई लागलेल्या हातांनी धावत आले. फाटकावर शिपाईमामांनी अडवलं तर त्यांना ढकलून आत आले. आधी माझ्या खोलीत शिरले, कारण मेसेजखाली 'संगणक विभाग' असं लिहिलेलं असतं.

"कुठंय माझी मुलगी? मी सोडलीय तिला! तुमच्या दारात सोडलीय!"

मी, मावशी, मामा, सगळे वर धावलो. आठवी 'ब'चं दार उघडलं. ती तिच्या बाकावर बसली होती. तिसरी रांग, भिंतीकडची जागा. दप्तर मांडीवर.

वर्गशिक्षिकेच्या तोंडचं पाणी पळालं. "ही इथे आहे? मी नाव घेतलं होतं. दोनदा घेतलं. उत्तर आलं नाही म्हणून मी..." त्या हजेरी घेताना मान वर करत नाहीत, आमच्या शाळेत कुणीच करत नाही. बेचाळीस मुलं गप्प बसून राहिली होती. एकानेही म्हटलं नव्हतं, बाई, ती इथे आहे.

"हजर का म्हणाली नाहीस?" वडिलांनी विचारलं. आवाज चढलेला होता, पण मध्येच फाटला.

ती म्हणाली नाही काहीच. वडिलांकडे बघतही नव्हती. बाकाच्या लाकडाकडे बघत होती. नंतर कळलं, गुरुवारपासून ती 'हजर' म्हणत नव्हती. गुरुवारी आणि शुक्रवारी उत्तर आलं नाही तेव्हा बाईंनी, एरवी करत नाहीत तशी, मान वर करून तिची जागा बघितली म्हणून मेसेज गेला नाही. सोमवारी घाई होती.

पुढचं सगळं मोठ्या सरांच्या खोलीत झालं. तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. वडील, वर्गशिक्षिका, सर, आणि यंत्रणेचं काय चुकलं ते सांगायला मी. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दारात उभ्या होत्या.

सर हळू आवाजात विचारत होते, "बाळा, काय होतंय? सांग ना." वडील म्हणत होते, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत सर, माझ्याजवळ फाइल आहे." बाई म्हणत होत्या, "अभ्यासात तर चांगली आहे." असे तिघे तीन दिशांनी बोलत होते आणि ती मध्ये भिंतीसारखी बसली होती.

"सर, मी सांगते," मावशी म्हणाल्या.

त्या क्षणी मुलीने मान वर केली. मावशींकडे बघून तिने फक्त डोकं हलवलं, डावीकडून उजवीकडे. अगदी थोडं.

मावशींनी ते बघितलं. आणि सांगितलं. पेपरचा फोटो, फोनवरचा गट, सरकून गेलेली मैत्रीण, चार महिने. वहीत लिहिलेलं सगळं खोटं. एकतीसपैकी एकदाही हिचं पोट दुखत नव्हतं. बोलताना त्या मुलीकडे बघत नव्हत्या, सरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या. मुलगी मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडे बघत होती.

वडील खाली बसले. म्हणाले, "मी तिला नाटकं करते म्हणालो. रोज म्हणालो."

पुढे जे झालं ते सगळं चांगल्या हेतूने झालं. समुपदेशक बाईंचे दिवस एकाचे दोन झाले आणि त्यांना पहिल्या मजल्यावर आड बाजूची खोली मिळाली. मुलगी तिथे जायला लागली आणि तिसऱ्या वेळी बोलायला लागली, एवढं बाईंनी मावशींना सांगितलं, काय बोलते ते नाही सांगितलं. वर्गशिक्षिकेने आठवी 'ब'ला उभं करून झापलं आणि सगळ्यांना एकदम सॉरी म्हणायला लावलं. बेचाळीस मुलांनी एका सुरात म्हटलं. चार महिन्यांनी सगळा वर्ग तिच्याशी बोलला, तो असा. दुसऱ्या दिवशी दोघीतिघींनी तिला डबा पुढे केला, भीत भीत, बाई बघतायत ना याकडे लक्ष ठेवून. तिने नको म्हटलं.

मावशींना लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी टाइप करून दिला. नोकरी राहिली. नवीन नियम निघाला, वहीत खरं तेच लिहायचं आणि रोज एक प्रत समुपदेशक बाईंकडे द्यायची. योग्यच नियम आहे. पण मावशींनी सरांच्या खोलीत तोंड उघडलं हे एका दिवसात सगळ्या शाळेला कळलं होतं. मुलं यायची थांबली. ढोपर फुटलेली, ताप आलेली येतात, तेवढीच. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत सरांनी माझा नवीन आलेख उचलून दाखवला, पोटदुखीचा खांब बोटभर उरला होता. कुणीतरी म्हणालं, "टाक्या साफ केल्याचा फायदा झाला म्हणायचा." त्यावर दोन-तीन जण हसले. सर हसले नाहीत.

शिपाईमामा हल्ली मावशींना डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. नुसतं मावशी म्हणतात. मावशी एकदा म्हणाल्या, "मामाला सांग गं, चिडव म्हणावं पहिल्यासारखं. असं सांभाळून बोलला की मेल्याहून मेल्यासारखं होतं."

वर्ष संपलं तेव्हा वडिलांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचं ठरवलं. ते दाखला न्यायला आले त्या दिवशी ती बरोबर होती. वडील ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि ती जिना उतरून खाली आली. या सगळ्या महिन्यांत तिने मावशींच्या दारावरून जाताना एकदाही आत बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती दारात थांबली.

मी तिथे नव्हते. हे मावशींनी संध्याकाळी मला सांगितलं. मी यंत्रं बंद करत होते, त्या आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"आली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता विचारणार, का सांगितलंत म्हणून. शपथ मोडलीत म्हणून. ते मी ऐकून घेणारच होते. उत्तरसुद्धा करून ठेवलं होतं."

"मग? विचारलं तिने?"

"नाही. तिने विचारलं, 'मावशी, तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?'"

मी हातातली वायर तशीच धरून उभी राहिले.

"मी म्हटलं, अगं, तूच नको म्हणाली होतीस ना? तर म्हणाली, 'हो. पण मी तेरा वर्षांची होते. तुम्ही मोठ्या होतात.' रागाने नाही गं. गणितात एखादी पायरी अडली की विचारतात ना, तसं. तिला खरंच कळत नव्हतं."

"मग काय म्हणालात तुम्ही?"

मावशींनी पदरात नसलेलं काहीतरी झटकल्यासारखं केलं. "बापाने वरून हाक मारली. ती हलली नाही. त्याने दुसऱ्यांदा मारली, तरी नाही हलली. थांबली होती गं ती, माझ्या उत्तरासाठी."

"आणि?"

"मी म्हटलं, बस चुकेल तुझी. जा."